पाकिटावरच्या एका ओळीसाठी

६ नोव्हेंबर २०१२. अमेरिकेत त्या दिवशी बराक ओबामा आणि मिट रॉम्नी यांच्यात राष्ट्राध्यक्षपदाची लढत होती. कॅलिफोर्नियातल्या मतदाराच्या हातातल्या मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांच्या जोडीला अकरा प्रस्तावही होते. फाशीची शिक्षा रद्द करावी का, शाळांसाठी कर वाढवावा का, अशा प्रश्नांच्या रांगेत ३७ क्रमांकाचा एक प्रस्ताव होता. जनुकीय बदल केलेल्या पिकांपासून बनलेलं अन्न विकताना पाकिटावर तसं छापणं सक्तीचं करावं का, असं त्यात विचारलं होतं. उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच द्यायचं होतं. सुमारे सव्वा कोटी लोकांनी ते दिलं.

ती ओळ छापली जाऊ नये म्हणून विरोधकांनी त्या एका राज्यात सुमारे ४ कोटी ६० लाख डॉलर खर्च केले. पुढच्या दोन वर्षांत आणखी तीन राज्यांत हाच प्रश्न मतदारांपुढे गेला. चारही ठिकाणी प्रस्ताव पडला. तरीही आज अमेरिकेत अशा बऱ्याच अन्नावर कुठल्या ना कुठल्या रूपात तशी नोंद कायद्यानं करावीच लागते. मतपेटीत हरलेली मागणी कायद्यात कशी आली, आणि येताना तिचं काय झालं, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

ते पाहताना दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत, कारण या साऱ्या लढाईत ते सतत एकमेकांत मिसळले गेले. हे अन्न खायला सुरक्षित आहे का, हा पहिला. ते कसं बनलं हे खाणाऱ्याला सांगायला हवं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर शास्त्रज्ञांनी पुराव्यानिशी द्यायचं असतं. दुसऱ्याचं उत्तर द्यायचा हक्क खाणाऱ्याचा आहे. पहिल्याचं उत्तर 'सुरक्षित आहे' असं आलं तरी दुसऱ्याचं उत्तर 'सांगायला हवं' असंच असलं पाहिजे, हे माझं ठाम मत आहे. ते का, हे या चार निवडणुकांच्या इतिहासातूनच दिसेल.

टोमॅटो दिसत होता, सोयाबीन दिसेना

अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं मे १९९२ मध्ये आपलं धोरण जाहीर केलं. वाण कुठल्या पद्धतीनं तयार केलं यापेक्षा हाती आलेलं अन्न कसं आहे, ते पाहायचं. पोषणमूल्यात, ॲलर्जीच्या धोक्यात किंवा घटकांत ते नेहमीच्या अन्नाहून वेगळं नसेल, तर पाकिटावर वेगळी नोंद सक्तीची नाही. पुढच्या वीस वर्षांच्या वादाचं मूळ या धोरणात आहे.

पहिला जिन्नस बाजारात आला तेव्हा लपवाछपवी नव्हती. मे १९९४ मध्ये परवानगी मिळालेला 'फ्लेव्हर सेव्हर' टोमॅटो कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या कॅलजीन कंपनीनं तयार केला होता. पिकल्यावर टोमॅटो मऊ करणाऱ्या विकराचं काम त्यात मंदावलं होतं, त्यामुळे तो जास्त दिवस टिकायचा. हा टोमॅटो वेगळ्या तंत्रानं बनवलाय, हे कंपनीनं कायद्याचं बंधन नसतानाही गिऱ्हाइकाला सांगितलं. तोटा होऊ लागल्यावर काही वर्षांत तो बाजारातून गेला. ब्रिटनमध्ये १९९६ साली सेन्सबरीज आणि सेफवे या दुकानसाखळ्यांत अशाच टोमॅटोची प्युरी आली. डब्यावर तसं ठळक लिहिलं होतं आणि प्युरी नेहमीच्या प्युरीपेक्षा स्वस्त होती. लोकांनी डब्यावरची ओळ वाचली आणि तरीही डबा उचलला. सुरुवातीची एक-दोन वर्षं तिचा खप चांगला होता. १९९८-९९ मध्ये ब्रिटनमधलं वातावरण तापलं, तेव्हा ती बंद झाली.

१९९६ मध्येच अमेरिकेच्या शेतांत तणनाशकाला दाद न देणारं सोयाबीन आणि बोंडअळीच्या जातकुळीतल्या किडींना मारणारा बीटी मका आला. इथून गोष्ट बदलली. टोमॅटो गिऱ्हाईक हातात घेऊन बघतं. मका आणि सोयाबीन कारखान्यात जातात आणि तिथून स्टार्च, गोड पाक, तेल, लेसिथिन, प्रथिनांची पूड अशा रूपांत बिस्किटांत, सॉसमध्ये, शीतपेयांत, बाळाच्या दुधाच्या पावडरीत शिरतात. फायदा होता तो शेतकऱ्याला आणि बियाणं विकणाऱ्याला. खाणाऱ्याला चवीत, किमतीत, टिकण्यात काहीच फरक जाणवत नव्हता, म्हणून त्याला सांगावं असं कुणाला वाटलंही नाही. २०१२ पर्यंत अमेरिकेतल्या मक्या-सोयाबीनच्या दर दहा एकरांपैकी जवळपास नऊ एकरांत हीच बियाणी होती. प्रक्रिया केलेल्या अन्नांपैकी ७० ते ८० टक्के पदार्थांत अशा पिकाचा काही ना काही अंश असतो, असा अंदाज खुद्द किराणा उत्पादकांच्या संघटनेनंच दिला होता.

युरोपनं याच काळात वेगळी वाट धरली. २००४ पासून युरोपीय संघात एखाद्या घटकात ०.९ टक्क्यापेक्षा जास्त जनुकसुधारित अंश असेल, तर तसं छापणं बंधनकारक झालं. ज्या बहुराष्ट्रीय कंपन्या युरोपात नोंद छापत होत्या किंवा ती छापावी लागू नये म्हणून घटक बदलत होत्या, त्याच कंपन्या अमेरिकेत नोंदीला विरोध करत होत्या. अमेरिकन ग्राहकांच्या रागाचं हे एक मोठं कारण होतं.

कायदा करणारे मतदार

अमेरिकेतल्या काही राज्यांत नागरिकांना थेट कायदा करता येतो. ठरावीक संख्येनं सह्या गोळा केल्या की प्रस्ताव मतपत्रिकेवर येतो आणि बहुमत मिळालं की तो कायदा होतो. ओरेगननं ही सोय १९०२ मध्ये केली, कॅलिफोर्नियानं १९११ मध्ये. कॅलिफोर्नियाचं विधिमंडळ त्या काळी रेल्वे कंपनीच्या मुठीत आहे, अशी लोकांची तक्रार होती. पैसेवाल्यांच्या हातून कायदा सोडवून सामान्य माणसाच्या हाती द्यायचा, हा त्या सुधारणेचा उद्देश होता.

लेबलचा प्रश्न राज्यभरच्या मतदारांपुढे सर्वांत आधी ओरेगनमध्येच गेला. २००२ च्या नोव्हेंबरमधल्या 'मेजर २७' या प्रस्तावाला सुमारे ७० टक्के मतदारांनी नकार दिला. बियाणं आणि खाद्य उद्योगांचा पैसा तेव्हाही विरोधात उतरला होता आणि समर्थकांची झोळी जवळपास रिकामी होती. दहा वर्षं हा विषय मागं पडला. तो परत वर आला तो देशातल्या सर्वांत मोठ्या राज्यात.

प्रस्ताव ३७: आघाडी कशी वितळली

कॅलिफोर्नियात प्रस्तावासाठी ५,०४,७६० वैध सह्या लागत होत्या. कार्यकर्त्यांनी २०१२ च्या वसंतात शेतकरी बाजारांत, दुकानांबाहेर, विद्यापीठांत टेबलं टाकून नऊ लाखांहून अधिक सह्या जमवल्या. सप्टेंबरात लॉस एंजेलिस टाइम्स आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्या पाहणीत ६१ टक्के लोक बाजूनं आणि २५ टक्के विरोधात होते. ऑक्टोबरच्या अखेरीस त्याच पाहणीत आकडे ४४ आणि ४२ वर आले. मधल्या महिनाभरात टीव्हीवर जाहिरातींचा मारा झाला होता.

त्या जाहिराती बारकाईनं पाहण्यासारख्या आहेत. 'तुम्ही काय खाता हे तुम्हाला कळू नये' असं त्यांत कुणीच म्हणत नव्हतं. तसं म्हणून मत मिळत नाही. त्यांनी बोट ठेवलं ते मसुद्यातल्या भोकांवर. प्रस्तावात मांस, दूध, अंडी, दारू आणि हॉटेलातलं अन्न यांना सूट होती. मग जाहिरातीनं विचारलं, मांस घातलेल्या कुत्र्याच्या खाद्यावर लेबल लावायचं आणि माणसानं खायच्या मांसावर नाही, हा कुठला न्याय? सोया दुधावर लेबल आणि गाईच्या दुधावर नाही, हे कसं? त्यामागं कारण होतं. जनावर जनुकसुधारित मका खातं म्हणून त्याच्या मांसाला जनुकसुधारित म्हणत नाहीत, युरोपातही नाही. पण हे समजावून सांगायला पाच मिनिटं लागतात आणि जाहिरात असते अर्ध्या मिनिटाची.

दुसरा घाव खर्चाचा होता. चौघांच्या कुटुंबाचा किराणा वर्षाला ४०० डॉलरनं महागेल, असं पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं. हा आकडा विरोधी मोहिमेनं पैसे देऊन करवून घेतलेल्या अभ्यासातला होता. कंपन्या लेबल छापण्याऐवजी महागडे, जनुकीय बदल न केलेले घटक वापरू लागतील, असं त्यात गृहीत धरलं होतं. समर्थकांनी दाखवलेल्या अभ्यासात खर्च जवळपास शून्य होता. सरकारी यंत्रणेचा खर्च काही लाख डॉलरपासून दहा लाख डॉलरच्या थोडं वर जाईल, असा अंदाज राज्याच्या विश्लेषकानं दिला होता. तो प्रत्येक मतदाराच्या घरी पोचलेल्या माहितीपुस्तिकेत छापलेला होता. टीव्हीवर ४०० डॉलर, पुस्तिकेत ही संख्या. मतदारानं कुठली ऐकली असेल ते निकालावरून दिसतं.

तिसरा घाव खटल्यांचा होता. लेबल चुकलं तर कुणाही नागरिकाला दुकानदारावर दावा करता येईल अशी तरतूद होती, आणि छोट्या दुकानदारांना त्याची धास्ती वाटणं स्वाभाविक होतं. विरोधकांच्या एका जाहिरातीत शास्त्रज्ञाची ओळख स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या नावानं करून दिली होती. तो माणूस विद्यापीठाच्या आवारातल्या हूवर इन्स्टिट्यूशनचा होता. विद्यापीठानं आक्षेप घेतला आणि जाहिरात बदलावी लागली.

समर्थकांची बाजूही निखळ नव्हती, आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. सप्टेंबर २०१२ मध्ये फ्रान्सच्या गिल्स-एरिक सेरालिनी यांचा उंदरांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जनुकसुधारित मका खाल्लेल्या उंदरांच्या अंगावरच्या मोठाल्या गाठींचे फोटो जगभर फिरले. प्रयोगातल्या उंदरांची संख्या आणि निवडलेली जात, दोन्हींवर शास्त्रज्ञांनी कठोर टीका केली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये त्या नियतकालिकानं तो निबंध मागं घेतला. लेबलची मागणी करणाऱ्या अनेकांनी मात्र त्या फोटोंचा आधार घेतला होता. 'आम्हाला कळायला हवं' ही मागणी स्वतःच्या पायावर उभी राहू शकत होती. तिला 'हे विष आहे' या दाव्याची कुबडी दिली, आणि कुबडी मोडल्यावर मागणीही लंगडी दिसू लागली.

शास्त्रज्ञांच्या मोठ्या संस्थाही विरोधात गेल्या. अमेरिकन असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ सायन्सच्या संचालक मंडळानं ऑक्टोबरात निवेदन काढून म्हटलं, की अशी सक्तीची नोंद ग्राहकांची दिशाभूल करील आणि त्यांना विनाकारण घाबरवील. राज्यातल्या बहुतेक बड्या वृत्तपत्रांनी अग्रलेखांतून 'नाही' म्हणायला सांगितलं.

पैशाच्या तागडीत एका बाजूला ४ कोटी ६० लाख डॉलर होते, त्यात एकट्या मॉन्सॅन्टो या बियाणं कंपनीचे ८० लाखांहून अधिक. दुसऱ्या बाजूला ९० लाखांच्या आसपास. निकाल लागला: बाजूनं ४८.६ टक्के, विरोधात ५१.४ टक्के. फरक साडेतीन लाख मतांचा. पाचपट पैसा खर्चूनही विजय एवढा निसटता, हे कंपन्यांनाही दिसलं आणि कार्यकर्त्यांनाही.

वॉशिंग्टन: देणगीदार कोण?

पुढच्या वर्षी लढाई पॅसिफिक काठानं उत्तरेला, वॉशिंग्टन राज्यात सरकली. इथं लेबलच्या बाजूनं एक पक्कं आर्थिक कारणही होतं. मे २०१३ मध्ये शेजारच्या ओरेगनमधल्या एका शेतात परवानगी नसलेला जनुकसुधारित गहू उगवलेला सापडला आणि जपाननं त्या भागातल्या पांढऱ्या गव्हाची खरेदी थांबवली. निर्यातीवर जगणाऱ्या गहू उत्पादकांना त्याची झळ थेट बसली.

विरोधी बाजूला या वेळी २ कोटी २० लाख डॉलर जमले, आणि त्यात राज्यातल्या रहिवाशांचा वाटा नावापुरताच होता. सर्वांत मोठी रक्कम, सुमारे १ कोटी १० लाख डॉलर, किराणा उत्पादकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या नावावर होती. संघटनेला ते पैसे कुणी दिले? कॅलिफोर्नियात काही कंपन्यांची नावं बाहेर आल्यावर ग्राहकांनी त्यांच्यावर राग काढला होता. म्हणून संघटनेनं सभासदांकडून वेगळा निधी गोळा करून तो स्वतःच्या नावावर दिला. राज्याचे महाधिवक्ता बॉब फर्ग्युसन यांनी ऑक्टोबर २०१३ मध्ये दावा ठोकला, तेव्हा यादी बाहेर आली. पेप्सिको, नेस्ले आणि कोका-कोला यांनी प्रत्येकी दहा लाख डॉलरहून जास्त दिले होते.

प्रस्ताव ५२२ निवडणुकीत ५१ विरुद्ध ४९ टक्क्यांच्या आसपास पडला. खटला मात्र चालत राहिला. संघटनेनं देणगीदार लपवून निवडणूक निधीचा कायदा मोडला, असा निकाल लागला आणि २०१६ मध्ये १ कोटी ८० लाख डॉलरचा दंड झाला. अपिलात तो कमी झाला, पुन्हा पूर्ववत झाला, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये तो कायम केला. पाकिटात काय आहे ते सांगायला नकोसं वाटणाऱ्यांना प्रचाराच्या तिजोरीत कुणाचा पैसा आहे, तेही सांगायचं नव्हतं. माहिती दडवण्याची सवय एका जागी थांबत नाही.

ओरेगन: ८३७ मतं

४ नोव्हेंबर २०१४ रोजी कोलोरॅडो आणि ओरेगन या दोन राज्यांत एकाच दिवशी मतदान झालं. कोलोरॅडोत जवळपास दोन तृतीयांश लोकांनी 'नाही' म्हटलं. ओरेगनमध्ये मात्र मोजणी संपेचना. 'मेजर ९२' ही त्या राज्याच्या इतिहासातली तोवरची सर्वांत खर्चिक प्रस्ताव-मोहीम ठरली होती.

ओरेगनमध्ये मतदान टपालानं होतं. मतदार पाकिटावर सही करतो आणि ती सही नोंदणीतल्या सहीशी जुळली तरच आतली मतपत्रिका मोजतात. फरक इतका थोडा होता की कायद्यानं फेरमोजणी करावी लागली. हातानं, एकेक मतपत्रिका पुन्हा पाहून. डिसेंबरात अंतिम आकडे आले: बाजूनं ७,५२,७३७ आणि विरोधात ७,५३,५७४. पंधरा लाखांहून अधिक मतांत फरक ८३७ चा. सही जुळली नाही म्हणून बाजूला ठेवलेली सुमारे ४,६०० मतं मोजावीत, अशी समर्थकांनी न्यायालयात मागणी केली. न्यायाधीशांनी ती मानली नाही. ज्या राज्यात २००२ मध्ये दहांतल्या सात जणांनी नकार दिला होता, तिथं बारा वर्षांत मत जवळपास अर्ध्याअर्ध्यावर आलं होतं.

सव्वासहा लाखांचं राज्य

ज्या राज्यानं अखेर कोंडी फोडली, तिथं नागरिकांना मतपेटीतून थेट कायदा करण्याची सोयच नाही. ईशान्येकडचं व्हरमाँट हे सव्वासहा लाख वस्तीचं, गाईगुरांचं आणि मेपलच्या पाकाचं राज्य. कनेक्टिकट आणि मेन यांनी आधी कायदे केले होते, पण शेजारच्या राज्यांनीही तसेच कायदे केले तरच ते लागू होतील, अशी अट घालून. एकट्यानं कंपन्यांच्या खटल्याला तोंड द्यायची भीती त्यामागं होती. व्हरमाँटनं अट घातली नाही. तिथल्या विधिमंडळात समित्यांपुढे साक्षी झाल्या, मसुद्यावर वाद झाला, आणि ८ मे २०१४ रोजी गव्हर्नर पीटर शमलिन यांनी कायद्यावर सही केली. अंमल १ जुलै २०१६ पासून.

खटला होणार हे ठाऊक असल्यामुळे राज्यानं लोकवर्गणीचा निधी उघडला. तिथल्याच बेन अँड जेरीज या आइसक्रीम कंपनीनं आपल्या फज ब्राउनी आइसक्रीमचं नाव काही काळासाठी 'फूड फाइट' असं बदलून तिची विक्री या निधीला जोडली. सहीनंतर सुमारे महिनाभरानं किराणा उत्पादकांच्या संघटनेनं दावा दाखल केला. एप्रिल २०१५ मध्ये न्यायालयानं कायद्याला स्थगिती द्यायला नकार दिला.

मग व्यवहारानं आपलं काम केलं. सव्वासहा लाख लोकांसाठी वेगळं पाकीट छापायचं, वेगळं गोदाम ठेवायचं, वेगळे ट्रक पाठवायचे, हे कुठल्याही कंपनीला परवडणारं नव्हतं. जानेवारी २०१६ मध्ये कॅम्पबेल या सूप कंपनीनं देशव्यापी सक्तीच्या लेबलला पाठिंबा जाहीर केला. मार्चमध्ये जनरल मिल्सनं सांगितलं, की व्हरमाँटसाठीचं लेबल आम्ही देशभर लावू. पाकिटांच्या मागच्या बाजूला, घटकांच्या यादीजवळ 'अंशतः जनुकीय अभियांत्रिकीनं निर्मित' अशा अर्थाची ओळ दिसू लागली. किंमत ४०० डॉलरनं वाढली नाही. दुकानं ओस पडली नाहीत.

सिनेटमध्ये पडलेल्या नोटा

उद्योगाची आता धावाधाव सुरू झाली ती वॉशिंग्टन डी.सी.मध्ये. राज्यांना असे कायदे करायला मनाई करणारं एक विधेयक प्रतिनिधिगृहानं जुलै २०१५ मध्ये २७५ विरुद्ध १५० मतांनी संमत केलं होतं. सिनेटमध्ये तशाच विधेयकाला मार्च २०१६ मध्ये ४८ मतं मिळाली. पुढं जायला ६० लागत होती. मग पॅट रॉबर्ट्स आणि डेबी स्टॅबेनाऊ या दोन पक्षांच्या सिनेटरांनी तडजोड काढली. राज्यांचे कायदे रद्द, पण देशभर सक्तीची नोंद. नोंद शब्दांत करायची, चिन्हानं करायची की मोबाइलनं वाचायच्या क्यूआर कोडनं, हे कंपनीनं ठरवायचं.

विधेयक सिनेटसमोर असताना प्रेक्षक सज्ज्यातून आंदोलकांनी खाली सभागृहात डॉलरच्या नोटा उधळल्या. मॉन्सॅन्टोच्या पैशाबद्दल त्यांच्या घोषणा चालू होत्या आणि नोटा बाकांवर, गालिच्यावर पडत होत्या. ७ जुलैला सिनेटनं ६३ विरुद्ध ३० मतांनी आणि १४ जुलैला प्रतिनिधिगृहानं ३०६ विरुद्ध ११७ मतांनी विधेयक संमत केलं. २९ जुलै २०१६ रोजी ओबामांनी सही केली. व्हरमाँटचा कायदा महिनाभरही जगला नाही, पण त्याच्या धक्क्यानं राष्ट्रीय कायदा जन्माला आला होता.

नियम डिसेंबर २०१८ मध्ये आले आणि १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचे झाले. त्यांत दोन मोठ्या उणिवा राहिल्या. लोकांच्या ओळखीचा 'जीएमओ' हा शब्द बाजूला ठेवून 'बायोइंजिनिअर्ड' हा शब्द घेतला. आणि रिफाइंड तेल, साखर अशा पदार्थांत बदललेलं जनुक चाचणीत सापडत नसेल, तर नोंद लागत नाही, असं ठरलं. मूळ पीक जनुकसुधारितच असलं तरी. क्यूआर कोडबद्दल तर कायद्यानंच मागवलेल्या अभ्यासात दिसलं होतं, की दुकानात उभं राहून कोड वाचताना बहुतेक ग्राहकांना अडचणी येतात. ज्यांच्याकडे चांगला फोन किंवा इंटरनेट नाही अशांचं काय? सप्टेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयानं नुसत्या कोडवर भागवण्याची ही मुभा बेकायदा ठरवली.

लेबल लागल्यावर काय झालं

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. मे २०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं सुमारे ९०० संशोधनांचा आढावा घेऊन निष्कर्ष काढला, की बाजारातल्या जनुकसुधारित पिकांपासून माणसाच्या आरोग्याला पारंपरिक पिकांपेक्षा जास्त धोका असल्याचा ठोस पुरावा नाही. त्याच अहवालानं हेही नोंदवलं, की लेबलच्या मागणीमागं सुरक्षिततेपलीकडचे सामाजिक आणि आर्थिक विचार आहेत आणि त्यांचा निवाडा नुसत्या विज्ञानानं होत नाही. हा अहवाल दोन्ही बाजूंनी नीट वाचावा असं मला वाटतं. तो भीतीला आधार देत नाही आणि लपवण्यालाही देत नाही.

मग लेबलनं लोक घाबरतात का? २०१८ मध्ये व्हरमाँट विद्यापीठाच्या जेन कोलोडिन्स्की आणि पर्ड्यू विद्यापीठाचे जेसन लस्क यांनी 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये याचं उत्तर दिलं. व्हरमाँटमध्ये लेबल येण्याआधी आणि आल्यावर लोकांची मतं कशी होती, हे त्यांनी उरलेल्या देशाशी ताडून पाहिलं. लेबल आल्यावर व्हरमाँटमधला जनुकसुधारित अन्नाला असलेला विरोध १९ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. ज्या संस्थांनी २०१२ मध्ये 'लोक विनाकारण घाबरतील' असा इशारा दिला होता, त्यांचं भाकीत इथं खोटं ठरलं. ब्रिटनमधली १९९६ ची प्युरी हेच सांगत होती. समोर लिहिलेलं माणूस वाचतो, तोलतो आणि ठरवतो. त्याला खटकतं ते आपल्यापासून काहीतरी चोरून ठेवलंय, हे.

आपल्या बरणीतलं तेल

भारतात नियम कागदावर अमेरिकेच्या आधी आला. वेष्टनबंद वस्तूंच्या नियमांत बदल करून १ जानेवारी २०१३ पासून जनुकसुधारित अन्नाच्या पाकिटावर दर्शनी भागात वरच्या बाजूला 'जीएम' ही अक्षरं छापणं बंधनकारक झालं. अशी अक्षरं तुम्ही किराणा दुकानात पाहिलीत का?

प्रश्न दूरचा नाही. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि विदर्भ-मराठवाड्यातलं जवळपास सारं कापूस क्षेत्र त्याखाली आलं. रुई गिरणीत जाते, सरकी तेलघाण्यात. सरकीचं तेल फरसाणवाल्याच्या कढईत आणि घरच्या बरणीत येतं, सरकी पेंड गोठ्यात जाते. रिफाइंड तेलात बदललेलं जनुक सापडत नाही, त्यामुळे आरोग्याच्या दृष्टीनं घाबरण्याचं कारण नाही. पण कुठल्या पिकाचं तेल आपण खातो, हे कळण्याचा हक्क त्यामुळे संपत नाही. जालन्याच्या महिकोनं तयार केलेल्या बीटी वांग्याला ऑक्टोबर २००९ मध्ये सरकारी समितीची मंजुरी मिळाली, तेव्हा पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. त्यांतली एक नागपूरला झाली. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्या वांग्याला स्थगिती मिळाली. या सुनावण्यांत अनेकांनी विचारलं होतं, भाजी मंडईतल्या सुट्या वांग्यावर लेबल कसं लावणार? तो प्रश्न आजही अनुत्तरित आहे.

जुलै २०२४ मध्ये जनुकसुधारित मोहरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं मोहरीवर एकमत झालं नाही. आयात होणाऱ्या जनुकसुधारित अन्नाला, विशेषतः खाद्यतेलाला, पॅकिंग आणि लेबलचे कायदे पाळावेच लागतील, यावर मात्र दोघांचंही एकमत होतं.

लेबल कसं असावं

चार राज्यांतल्या मतदानानं आपल्याला काही धडे दिलेत. लेबलची मागणी भीतीवर उभारू नये, कारण पुरावा बदलला की ती कोसळते. ती हक्कावर उभारावी. मसुद्यात सूट कमीत कमी ठेवावी, आणि जी ठेवाल तिचं कारण सोप्या शब्दांत लोकांपुढे आधीच मांडावं, नाहीतर तेच भोक दाखवून सारा कायदा पाडतात. नोंद उघड्या डोळ्यांना दुकानातच वाचता यावी, ओळखीच्या शब्दांत असावी, आणि तिच्यात धोक्याचा इशारा नसावा. शाकाहारी-मांसाहारी ओळखायला आपण पाकिटावर हिरवा ठिपका आणि तपकिरी त्रिकोण छापतो. त्या खुणा कुणाला घाबरवत नाहीत, ज्याला हवं त्याला हवी ती निवड करू देतात. तेवढंच काम या ओळीनं करायचं आहे.

आपल्याकडे असा प्रश्न मतपत्रिकेवर येत नाही. तो राजपत्रातल्या मसुद्यातून येतो, आणि त्याखाली हरकती व सूचनांसाठी ठरावीक दिवसांची मुदत असते. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं जनुकसुधारित अन्नाच्या नियमांचा मसुदा २०२१ मध्ये असाच लोकांपुढे ठेवला होता आणि २०२२ मध्ये सुधारून पुन्हा ठेवला. ओरेगनमध्ये ८३७ मतांनी निकाल ठरला. आपल्या मसुद्यांवर हरकत नोंदवणं हेच आपलं मतदान आहे, आणि ते बहुतेक वेळा कंपन्या व काही मोजक्या संघटना करतात. पुढचा मसुदा येईल तेव्हा तेल विकत घेणाऱ्यांनी, पेंड विकत घेणाऱ्या शेतकऱ्यांनी आणि डबे भरणाऱ्या घरांनी तो वाचायला हवा आणि दोन ओळींत आपलं म्हणणं लिहून मुदतीत पाठवायला हवं.